शुक्शिन : दुसऱ्यांच्या सिनेमात राबून स्वतःचा सिनेमा मागणारा माणूस

तिकीटबारी

मॉस्कोच्या मॉसफिल्म स्टुडिओने आपले जुने सिनेमे यूट्यूबवर फुकट टाकलेत, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रशियन दिग्दर्शक तार्कोव्स्कीवर आपल्याकडे अधूनमधून धागा निघतो आणि शंभरी गाठून 'कळला नाही, पण भारी आहे' यावर थांबतो. त्याच्याच वर्गात एक खेडवळ पोरगा शिकत होता. त्याच्यावर इथे एक ओळ सापडली नाही, म्हणून हा प्रपंच. लांबलंय. चहा घेऊन बसा.

वासिली मकारोविच शुक्शिन. रशियन लेखक, नट आणि दिग्दर्शक. जन्म २५ जुलै १९२९. गाव स्रोस्त्की, सायबेरियाच्या दक्षिणेला अल्ताय भागात, कातून नदीच्या काठी. १९३३ साली सामुदायिक शेतीची सक्ती चालू असताना गावातली माणसं उचलली गेली, त्यात बाप मकारही गेला. बर्नाउलला नेऊन गोळी घातली. वय एकवीस. मागे तरणी बायको आणि दोन लेकरं. 'लोकशत्रू'चं नाव पोरांना भोवू नये म्हणून आईने त्यांना आपलं माहेरचं आडनाव लावलं. सोळाव्या वर्षी ओळखपत्र काढेपर्यंत हा वास्या पोपोव होता, मग बापाचं नाव परत घेतलं. आईने दुसरं लग्न केलं, तो नवरा १९४२ला युद्धात गेला.

पुढची काही वर्षं नुसती वणवण. बीस्कच्या मोटार तंत्रशाळेत गेला, अर्ध्यात सोडली. कालुगा आणि व्लादिमीरच्या कारखान्यांत फिटरकी केली. मग नौदलात रेडिओवाला. तिथे पोटात अल्सर निघाला आणि घरी पाठवलं. हा अल्सर शेवटपर्यंत सोबतीला. गावी येऊन बाहेरून परीक्षा देऊन शालान्त झाला आणि लगेच गावच्या रात्रशाळेत मास्तर, वर प्रभारी मुख्याध्यापक! १९५४ला आईने गाय विकली आणि हा मॉस्कोला गेला. पंचविशीचा घोडा, अंगात खलाशी शर्ट, पायात लष्करी बूट. सिनेमा शिकवणाऱ्या व्गिक संस्थेत मिखाईल रोमच्या वर्गात त्याला प्रवेश मिळाला. वर्गातली बरीचशी मंडळी मॉस्कोच्या शिकल्या-सवरल्या घरांतली. तार्कोव्स्की कवीचा मुलगा. हा स्रोस्त्कीचा.

आता मुद्द्याचं. शुक्शिनला लोक नट म्हणून ओळखतात आणि तो नट होताही जबरा. पण मला वाटतं, अभिनय ही त्याची रोजंदारी होती. खुत्सियेवच्या 'दोन फ्योदोर'मध्ये तो पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत दिसला, म्हणजे दिग्दर्शक म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं तेव्हाच. मग पुढची पंधरा वर्षं दुसऱ्यांसाठी उभा राहिला, त्या पैशावर आणि त्या ओळखीवर आपलं काम करत राहिला. रात्री जागून जाड वह्यांत कथा लिहायच्या आणि दिवसा सेटवर कुणाचा तरी कामगार, सैनिक, कारखान्याचा संचालक व्हायचं. गेरासिमोवच्या 'तळ्याकाठी'मधल्या संचालकाच्या भूमिकेला तर राज्य पुरस्कारही मिळाला.

त्याला स्वतःला हवं होतं एकच. स्तेपान राझिन. सतराव्या शतकात डॉन आणि व्होल्गा नद्यांकाठच्या कोसॅक आणि कुळांना घेऊन झारवर उठलेला बंडखोर. १६७१ला मॉस्कोत त्याचे तुकडे केले. शुक्शिनने त्याच्यावर पटकथा लिहिली, कादंबरी लिहिली, अभिलेखागारं धुंडाळली, राझिन फिरला ती गावं फिरून आला. राझिनची भूमिकाही स्वतःच करणार होता. १९७१ला गोर्की स्टुडिओने काम थांबवलं. खर्च फार, रक्तपात फार, वर अशा बंडखोराची आत्ता गरज काय, असा सगळा सूर. 'आधी आजच्या काळावर काहीतरी करा.'

मग त्याने आजच्या काळावर काहीतरी केलं. पहिलं 'पेचकी-लावोचकी' (१९७२) आणि स्टुडिओ बदलून मॉसफिल्मला गेल्यावर 'कालिना क्रास्नाया' (१९७४; कालिना हे लाल फळांचं एक झुडूप). म्हणजे ज्या दोन सिनेमांसाठी आज जग त्याला ओळखतं, ते त्याच्या लेखी राझिनपर्यंत जायच्या रस्त्यावरचे टोल नाके होते. मला याची गंमतही वाटते आणि संतापही येतो.

'कालिना'ची गोष्ट साधी. येगोर प्रोकुदिन तुरुंगातून सुटतो आणि पत्रातून ओळख झालेल्या ल्यूबा नावाच्या बाईकडे खेड्यात जातो. राहतो, ट्रॅक्टर चालवायला लागतो. जुनी टोळी त्याला शोधत येते आणि नांगरटीच्या कडेला गोळी घालते. बस. पण त्यातला एक प्रसंग सांगतोच. येगोर ल्यूबाला घेऊन एका म्हातारीकडे जातो. आपण पेन्शन खात्याकडून आलोय असं ल्यूबाने सांगायचं ठरलंय. येगोर काळा चष्मा लावून बाजूला बसतो, तोंडातून शब्द नाही. म्हातारी पोरांबद्दल बोलते. कुठला गेला, कुठल्याचा पत्ता नाही. बाहेर पडल्यावर कळतं की ही त्याची आई आणि ज्याचा पत्ता नाही तो हाच. पुढे गाडी थांबवून तो उताराच्या गवतावर पालथा पडतो आणि जमीन मुठीत धरून रडतो. मागे पडकं चर्च.

आता ऐका. ती म्हातारी नटी नव्हे. येफीमिया बिस्त्रोवा, व्होलोग्दा भागातल्या बेलोझेर्स्कजवळच्या खेड्यातली खरी म्हातारी. पोरं गमावलेली. तिला संवाद पाठ करायला दिले नव्हते, ती स्वतःबद्दलच बोलत होती. समोर चष्म्याआड शुक्शिन बसलाय, तो अभिनय करतोय की नुसता ऐकतोय, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

१९७४ साली तब्बल सहा कोटी पंचवीस लाख लोकांनी हा सिनेमा थिएटरात जाऊन पाहिला. आता तरी राझिन मिळेल? तर नाही. सेर्गेय बोंदार्चुक युद्धावर सिनेमा काढत होता, 'ते मातृभूमीसाठी लढले'. त्यात लोपाखिनची भूमिका कर, राझिनसाठी मी शब्द टाकतो, असं ठरलं. बोंदार्चुकच्या शब्दाला वजन होतं. शुक्शिन डॉन नदीवर चित्रीकरणाला गेला. नटमंडळी 'दुनाय' नावाच्या बोटीवर राहायची. २ ऑक्टोबर १९७४ला सकाळी तो केबिनमधून बाहेरच आला नाही. झोपेतच गेलेला. ४५ वर्षं. राझिनची जन्मभूमीही डॉनच, हे वेगळं सांगायला नको.

तुमचं काय मत? ज्यांनी पाहिलेत त्यांनी लिहा. नाही पाहिले त्यांनी आधी पाहा, मग लिहा. :)

---

पोहेकर

वाचनखूण साठवली. सविस्तर प्रतिसाद रविवारी.

---

वाचनवेडी

धागा आवडला, पण 'अभिनय ही रोजंदारी' पटलं नाही. कथाही तो तसाच लिहायचा ना, म्हणजे नटासारखा! सव्वाशेच्या आसपास कथा आहेत आणि निम्म्याहून जास्त नुसत्या संवादावर चालतात. वर्णन दोन ओळी, की लगेच कुणीतरी बोलायला लागतं. आधी त्या माणसाच्या अंगात शिरायचं, मग लिहायचं.

मी इंग्रजीतून वाचल्यात. एक कथा सांगते, 'स्रेझाल'. खेड्यात कुणी शिकून मोठा झालेला सुट्टीला आला की गावातला ग्लेब नावाचा एक जण त्याच्या घरी जातो. सोबत मजा बघायला चार माणसं. आणि पाहुण्याला तत्त्वज्ञान, चंद्र, आदिमानव, काय वाट्टेल त्यावर प्रश्न विचारून गार करतो. प्रश्नांना शेंडा ना बुडखा. पाहुणा गोंधळला की बाकीचे खूश. आणि शुक्शिन कुणाचीच बाजू घेत नाही. पाहुणा मख्ख आहे, ग्लेब दुष्ट आहे आणि बघे? त्यांना ग्लेबचं कौतुक वाटतं, पण तो आवडत नाही. १९७० सालची कथा आहे, पण इथल्या कुठल्याही राजकारणाच्या धाग्यावर हे तिन्ही आयडी हजर असतात. (हलके घ्या.)

---

खवचट_काका

ग्लेबचा आयडी सांगा की ताई. आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रानवारा

तिकीटबारी, दंडवत. एकच भर घालतो. पेचकी-लावोचकीत मुख्य भूमिका त्याला करायची नव्हती. ती लिओनिद कुराव्ल्योवसाठी होती. त्याच्या पहिल्या दोन्ही सिनेमांत तोच होता. पण कुराव्ल्योवला त्याच वेळी रॉबिन्सन क्रूसोचं काम मिळालं आणि तो गेला. नाइलाजाने शुक्शिन स्वतः उभा राहिला, बायकोच्या भूमिकेत खरी बायको लीदिया फेदोसेयेवा, शिवाय त्यांच्या दोन्ही पोरीही आहेत. अर्धं चित्रीकरण गावी, अल्तायलाच. म्हणजे जो सिनेमा सगळ्यात त्याचा स्वतःचा वाटतो, त्यातलं काम त्याच्या गळ्यात पडलेलं.

आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वोत्तम. कालिना नव्हे. ट्रॅक्टरवाला इवान बायकोला घेऊन पहिल्यांदा समुद्र बघायला निघतो, अख्खा देश आगगाडीने पार करत. आधी गावात निरोपाची पार्टी. मग डब्यात एक टापटीप गृहस्थ भेटतो, मी इंजिनियर म्हणतो, गप्पा मारतो, बायकोला भेटवस्तू देतो. निघतो पाकीटमार! (हा बुर्कोव. कालिनात टोळीचा म्होरक्या तोच.) मग एक प्राध्यापक भेटतो, तो खेड्यातली बोली गोळा करत हिंडणारा. तो इवानवर इतका खूश की त्याला मॉस्कोत घरी नेतो आणि विद्यार्थ्यांपुढे उभा करतो. इवान तिथे बोलतो तो प्रसंग बघा. हसू येतं आणि लाजही वाटते, आणि कुणाची वाटते ते कळत नाही.

शेवटी गावी परत येऊन टेकडीवर अनवाणी बसतो आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगतो, 'झालं, पोरांनो, संपलं.' एवढंच.

---

तिकीटबारी

@वाचनवेडी : स्रेझालबद्दल शंभर टक्के सहमत. तरी रोजंदारी हा शब्द मी मागे घेणार नाही. त्याला नटाचं काम यायचं, आवडायचंही. पण ते तो कशासाठी करत होता, तो मुद्दा आहे. पोटापाण्याचं कामही माणूस जीव ओतून करू शकतो.

@रानवारा : पेचकी-लावोचकी श्रेष्ठ? म्हातारीचा प्रसंग एका पारड्यात टाका आणि मग सांगा.

---

रानवारा

टाकला. त्याच पारड्यात ट्रकच्या टक्करीचा शेवटही टाका. ल्यूबाचा भाऊ ट्रकने टोळीची गाडी ढकलत नेऊन पाण्यात घालतो, तो प्रसंग दुसऱ्याच कुठल्या सिनेमातून आल्यासारखा वाटतो. शुक्शिनचं बलस्थान मारामारी नव्हे, जेवणाचं टेबल. येगोर पहिल्यांदा ल्यूबाच्या घरी येतो, म्हातारा बाप त्याची उलटतपासणी सुरू करतो, आणि हा पट्ठ्या पाच मिनिटांत डाव फिरवून म्हाताऱ्याचीच चौकशी करायला लागतो. म्हातारा गांगरतो, खुलासे द्यायला लागतो! या एका प्रसंगात त्या पिढीच्या पोटातली भीती आहे. बाप उचलून नेलेला माणूसच हे इतकं हसतखेळत लिहू शकतो.

---

भूलतज्ज्ञ_बाई

मी कधीच लिहीत नाही, पण बर्नाउल वाचून राहवलं नाही. माझं एमबीबीएस तिथलंच. आपल्याकडची बरीच मुलं असतात तिथे. आम्ही विदर्भातल्या मुली एका खोलीत राहायचो. पहिल्या हिवाळ्यात रडून झालं की दुसऱ्या हिवाळ्यात सवय होते.

शुक्शिन आम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण रशियनच्या बाईंनी त्याची एक कथा नेमली होती, 'मायक्रोस्कोप'. एक सुतार घरात पैसे हरवले असं खोटं सांगतो, बायकोच्या शिव्या आणि मार खातो, आणि त्या पैशातून सूक्ष्मदर्शक आणतो. मग पोराला घेऊन रात्र-रात्र पाण्याच्या थेंबातले जंतू बघत बसतो. जंतूंना संपवायचा उपाय आपण शोधून काढणार, असं त्याच्या डोक्यात. शेवटी बायकोला कळतं आणि ती ते यंत्र विकायला घेऊन जाते. आम्ही डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली. वर्गात आधी खूप हसलो. बाई हसल्या नाहीत.

नंतर उन्हाळ्यात त्याच बाईंबरोबर स्रोस्त्कीला गेलो. बीस्कच्या पुढे, मंगोलियाकडे जाणाऱ्या चुया महामार्गावरच गाव आहे. रस्त्याकडेला पिरोश्की आणि मध विकणाऱ्या बायकांची रांग असते, ट्रकवाले थांबतात. कोबीची पिरोश्की खा, बटाट्याची नको. गावामागे पिकेत नावाची टेकडी. वर त्याचा भलामोठा पुतळा आहे, २००४ साली बसवलेला, अनवाणी बसलेला. रानवारा यांनी शेवटचा प्रसंग सांगितला, तसाच. खाली कातून, पाणी हिरवट-दुधाळ. दर जुलैत त्याच्या जन्मदिवसाला तिथे लोक जमतात, कथा वाचतात.

आईचं घरही संग्रहालय म्हणून ठेवलंय. ते त्याने पहिल्या कादंबरीच्या मानधनातून तिला घेऊन दिलं होतं. लाकडी, बेताचं. ती बाई मुलाच्या मागे चार वर्षांहून जास्त जगली. बाकी घर विसरले, पण ती चार वर्षं काही डोक्यातून जात नाहीत.

---

वाचनवेडी

@भूलतज्ज्ञ_बाई : किती सुंदर लिहिलंत! नुसतं वाचणं सोडून लिहायला लागलात, आता परत गप्प बसू नका. बर्नाउलच्या हिवाळ्यावर स्वतंत्र धागा काढा, ही प्रेमळ धमकी.

---

सत्यशोधक७७

झोपेत हृदय बंद पडलं म्हणे! ४५व्या वर्षी, धडधाकट माणूस, राझिनसारखा विषय हातात, सरकारला नकोसा. आणि नेमका बोटीवर, सगळ्यांपासून लांब. दाल में कुछ काला है. यावर कुणी बोलणार नाही.

---

तिकीटबारी

@सत्यशोधक७७ : बोलतो की. तिकडेही ही कुजबुज पन्नास वर्षं चालू आहे. पण धडधाकट हे कुठून आणलंत? विशीपासून अल्सर, इस्पितळाच्या वाऱ्या, सिगारेटवर सिगारेट, रात्रभर लिखाण कॉफीवर, त्याआधी अनेक वर्षं दारू. कालिनाची काटछाट तो इस्पितळातून उठून येऊन करत होता, कारण दुसऱ्याने कात्री लावली तर सिनेमा मरेल ही धास्ती. अशा माणसाला मारायला हेर कशाला लागतो? आणि राझिनचं म्हणाल, तर सरकारला तो थांबवायला एका सहीपेक्षा जास्त काही लागत नव्हतं. १९७१ला ती सही झालीच होती.

---

सत्यशोधक७७

तुम्ही म्हणाल ते. इतिहास ठरवेल.

---

खवचट_काका

सापडला ग्लेब.

---

पोहेकर

रविवार आला. :) काल रात्री कालिना पाहिला, इंग्रजी उपशीर्षकांसह. काही सुटे विचार.

एक, मला वाटलं होतं रडका सिनेमा असेल. पण शहरातला तो प्रसंग! येगोरच्या खिशात पैसे आहेत आणि त्याला आत्म्यासाठी एकदाच मोठी चैन करायचीय, सोहळा हवाय. तो एका वेटरला गाठून 'लोक जमव' म्हणतो. वेटर जमवतो, पण येतात कोण? पोक्त, अवघडलेली, खायला मिळेल म्हणून आलेली माणसं. येगोर झगा घालून त्यांच्यात फिरतो, सोहळा काही उभा राहत नाही. मी आधी खो-खो हसलो, मग त्याचा चेहरा पाहून गप्प बसलो.

दोन, सुरुवातीला तुरुंगातल्या मैफलीत एक कैदी कवी येसेनिनचं आईला लिहिलेलं पत्र गातो. तो खराच कैदी वाटला. कुणाला माहिती?

तीन, बर्चच्या झाडांशी बोलणं मला थोडं जास्त झालं. एकदा ठीक होतं.

चार, शुक्शिनचा चेहरा. गालफडं, बारीक डोळे, आणि शांत बसलेला असतानाही जबडा काहीतरी चावत असल्यासारखा हलतो. त्या स्नायूवर अर्धा सिनेमा चालतो.

---

रानवारा

@पोहेकर : हो, तो खरा कैदी. ते माहितीपटाचं चित्रण आहे. बर्चबद्दल सहमत, पण हे रशियात जाऊन बोलू नका.

आणि जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने आपल्या सर्वात आवडत्या दहा सिनेमांच्या यादीत कालिना घातला होता. त्या यादीत बाकी हॉलिवूडच्या नट्या आणि इटलीचा दिग्दर्शक पासोलिनी, आणि त्यात हा ट्रॅक्टरवाला!

---

चित्रकथी

नट म्हणून तो कुठे-कुठे सापडेल याची यादी कुणीतरी करायला हवी होती, म्हणून माझी अर्धवट भर. तार्कोव्स्कीने विद्यार्थी असताना १९५६ला वर्गमित्रांबरोबर हेमिंग्वेच्या कथेवर छोटा सिनेमा केला, त्यात मारेकऱ्यांची वाट बघत खाटेवर पडून राहिलेला मुष्टियोद्धा म्हणजे शुक्शिन. आस्कोल्दोवच्या 'कमिसार'मध्ये तो लष्करी अधिकारी आहे. तो सिनेमा १९६७ला तयार झाला आणि वीस वर्षं कुलुपात होता, म्हणजे प्रदर्शित झाला तेव्हा शुक्शिन जाऊन जमाना झाला होता. 'मुक्ती' या अवाढव्य युद्धपटात मार्शल कोनेव.

आणि बोंदार्चुकच्या त्या सिनेमात पडद्यावर शुक्शिन आहे, आवाज मात्र त्याचा नाही. ध्वनिमुद्रण व्हायच्या आत तो गेला, लोपाखिनला लेनिनग्राडच्या इगोर येफिमोव नावाच्या नटाने आवाज दिला. आता तिकीटबारींचा रोजंदारीचा मुद्दा यावर लावून बघा. ज्या कामाच्या बदल्यात राझिन मिळायचा होता, त्या कामात त्याचा स्वतःचा आवाजही राहिला नाही.

---

वाचनवेडी

@चित्रकथी : हे वाचून मला बोंदार्चुकचा राग यायला लागलाय. तो काही वाईट माणूस नव्हता, मान्य. पण परवानगी मिळवायची तर आधी माझ्याकडे काम कर, हा कुठला न्याय?

---

तिकीटबारी

@वाचनवेडी : बोंदार्चुकवर मी तरी चिडणार नाही. त्याने स्वतःची पत पणाला लावली, बाकी कुणी तेवढंही केलं नाही. राग व्यवस्थेवर काढा. १९७६ला त्याच व्यवस्थेने शुक्शिनला लेनिन पुरस्कार दिला. मरणोत्तर. राझिन मात्र कुणाला काढू दिला नाही. कादंबरी आहे, इंग्रजीत मिळाली तर वाचा.

त्याला दफन केलं मॉस्कोच्या नोवोदेविची स्मशानात, बड्या लोकांच्या रांगेत. लोक कालिनाच्या लाल फळांच्या डहाळ्या घेऊन आले होते.

---

नवखा_प्रेक्षक

सगळं वाचलं. मी रशियन सिनेमा एकही पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू? आणि घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे का?

---

रानवारा

'झिव्योत ताकोय पारेन', १९६४. चुया महामार्गावरचा ट्रक ड्रायव्हर पाश्का, मुलींवर छाप पाडायला सतत थापा मारणारा. एकदा इंधनाच्या आगारात ट्रक पेटतो तेव्हा हाच तो चालवत नदीकडे नेतो. नंतर पत्रकार बाई विचारते, असं का केलंत? तर म्हणतो, मूर्खपणाने. व्हेनिसला मुलांच्या सिनेमांच्या विभागात सुवर्णसिंह मिळाला होता, म्हणजे घरच्यांबरोबर बिनधास्त. लोक त्याला विनोदी सिनेमा म्हणायला लागले तेव्हा शुक्शिन वैतागला होता, तरी तुम्ही हसा.

---

खवचट_काका

आणि बघून झाला की इथे येऊन 'कळला नाही, पण भारी आहे' असं लिहायचं नाही. सगळा कळतो.

---

तिकीटबारी

@नवखा_प्रेक्षक : रानवारांशी पहिल्यांदाच सहमत. त्यानंतर पेचकी-लावोचकी, मग कालिना. या क्रमाने पाहिलेत तर आमचं भांडण तुम्हीच मिटवाल. भूलतज्ज्ञ बाई, त्या 'मायक्रोस्कोप' कथेचं मराठी कुणी केलं नसेल तर तुम्हीच करा ना, मूळ रशियन येणारं इथे तुमच्याशिवाय कोण आहे?

---

भूलतज्ज्ञ_बाई

रशियन गंजलंय हो. पण पुस्तक कपाटात आहे. पुढच्या आठवड्यात नाइट ड्यूटी नाही, बघते. बायकोच्या शिव्या वऱ्हाडीत केल्या तर चालतील का?

---

खवचट_काका

धावतील.